लावलेला सिनेमा आणि पाहिलेला सिनेमा

"ताई, आमच्या घरी तीन ॲप आहेत आणि माझ्या वॉचलिस्टमध्ये २१४ सिनेमे. शुक्रवारी रात्री कामं आवरली की आम्ही काहीतरी लावतो. लावतो म्हणजे आधी अर्धा-पाऊण तास नुसतं शोधतो. मला एक हवं असतं, यांना दुसरं. चौदा वर्षांची मुलगी दहा मिनिटांत कंटाळून तिच्या खोलीत जाते आणि फोनवर दीडपट वेगाने तिचं तिचं काहीतरी पाहते. शेवटी साडेदहाला जे सापडेल ते लावतो. यांच्या हातात फोन असतो, मी कपड्यांच्या घड्या घालत असते आणि मध्येच कधीतरी मला झोप लागते. मागच्या महिन्यात काय काय लावलं हे परवा आठवून बघितलं, तर दोनच नावं आठवली, त्यातल्या एकाचा शेवट मला ठाऊक नाही. लहानपणी पाहिलेल्या सिनेमांतले प्रसंग मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहेत. यांचं म्हणणं, प्रोजेक्टर घेऊ, म्हणजे मजा येईल. मला वाटतं, सगळी ॲपच बंद करून टाकावीत. तुम्ही काय सांगाल?
– अर्ध्यावर झोपणारी"

सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट नजरेत भरली. तुम्ही तिघांच्या शुक्रवारबद्दल लिहिताना 'लावतो', 'लावलं' असं चार वेळा लिहिलं आहे. 'पाहणं' आलंय ते दोनच ठिकाणी, मुलीच्या फोनबद्दल आणि तुमच्या लहानपणाबद्दल. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही नकळत स्वतःच लिहून पाठवलं आहे, असं मला वाटतं. तुमच्या घरात सिनेमा लावला जातो, पाहिला जात नाही.

लावण्यात वाईट काही नाही, हे आधी सांगते. घड्या घालताना, घर आवरताना, अंगात त्राण नसताना ओळखीचं काहीतरी चालू असलं की बरं वाटतं. दहा वेळा पाहिलेला सिनेमा अशा वेळी सोबत करतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवली तरी काही बिघडत नाही. ते चालू राहू द्या. फक्त त्या कामासाठी कधीही न पाहिलेला, कुणीतरी जीव ओतून केलेला नवा सिनेमा खर्ची घालू नका. लावायचे सिनेमे वेगळे, पाहायचे वेगळे, एवढी वाटणी घरात झाली की पुढच्या गोष्टी सोप्या होतील.

तुमच्या दोन्ही सूचनांबद्दल आधी बोलते. प्रोजेक्टर आत्ता घेऊ नका, कारण खाली येईलच. ॲप सगळी बंद करायचीही गरज नाही. मात्र तीन कशाला? एका वेळी एकच चालू ठेवा, त्यातलं हवं ते पाहून झालं की ते थांबवून दुसरं घ्या. शोधायची जागा एकच राहिली की शोधण्यात जाणारा वेळही कमी होतो.

आता मुख्य मुद्दा. तुमचा शुक्रवार बिघडतो तो साडेदहाला नव्हे, पावणेदहाला, रिमोट हातात घेऊन तुम्ही निवडायला बसता तेव्हा. दिवसभर दमलेल्या तीन माणसांनी, त्यातही तीन वेगवेगळ्या मनःस्थितींतल्या, शेकडो चित्रांच्या भिंतीसमोर बसून एकमत करायचं, हे होणं कठीणच आहे. त्या भिंतीवरची प्रत्येक चौकट 'मला निवडा' म्हणून हलत असते, वाजत असते. अर्ध्या तासाने निवड होते ती कुणाला काही आवडलं म्हणून होत नाही, सगळे थकले म्हणून होते. आणि थकून निवडलेल्या गोष्टीसमोर माणूस मन लावून बसत नाही, हात आपोआप फोनकडे जातो.

म्हणून निवड दिवसा करा. बुधवारी करा, दुपारी करा, प्रवासात करा, पण ज्या संध्याकाळी पाहायचं त्या संध्याकाळी नको. शुक्रवारी टीव्ही सुरू करायचा तो नाव टाइप करण्यासाठी. होम स्क्रीनवर रेंगाळायचं नाही.

२१४ नावांची तुमची यादी पाहायच्या सिनेमांची यादी राहिलेली नाही, ती अडगळीची खोली झाली आहे. ती पुसू नका, पण तिच्यात शोधत बसूही नका. एक कागद घ्या आणि त्यावर पाच नावं लिहा. पाचच. एक पाहून झालं की ते खोडायचं, मग सहावं लिहायचं. कागद सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावा. हाताने लिहिलेल्या नावाची माणूस वाट पाहायला लागतो, आणि वाट पाहणं हा सिनेमा पाहण्यातला मोठा भाग आहे. लहानपणचे ते प्रसंग तुमच्या लक्षात का राहिले असतील याचा विचार करा. तेव्हा सिनेमा कधी लागणार हे आधीपासून माहीत असायचं, तो चुकला तर चुकला, आणि चालू असताना दुसरं काही करण्यासारखं हाताशी नसायचं. यातलं बरंचसं आजही जमवता येतं.

एकमताचा नाद सोडा. पाळी ठरवा. एका आठवड्यात तुम्ही, पुढच्या आठवड्यात ते, तिसऱ्या आठवड्यात मुलगी. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा. बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही आणि पूर्ण पाहायचा. मुलीच्या वयाला न पेलणारं काही असेल तर तेवढी आडकाठी मोठ्यांनी घालावी, तीही बुधवारीच, म्हणजे आयत्या वेळी रुसवेफुगवे होत नाहीत. निवडणाऱ्याने मात्र सुरू करण्याआधी 'मला हा का पाहायचाय' हे दोन वाक्यांत सांगायचं. त्या दोन वाक्यांनी फार फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. समोरच्या माणसाला यात काय दिसलं असेल, हे शोधण्यासाठी आपण तो सिनेमा पाहायला लागतो. स्वतःला आवडला नाही तरी संध्याकाळ फुकट जात नाही.

काय निवडावं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण एक युक्ती सांगते. एखादा धागा धरा. आवडलेल्या सिनेमाच्या शेवटच्या नामावलीत छायालेखक कोण, संकलक कोण ते बघा आणि त्या माणसाचे आणखी दोन-तीन सिनेमे ओळीने पाहा. दिग्दर्शक आणि नट यांच्या मागे सगळेच जातात. संकलकाच्या मागे गेलात तर दृश्य कुठे तोडलंय, का तोडलंय, हे तिसऱ्या सिनेमापर्यंत तुमचं तुम्हालाच दिसू लागेल.

झोपेबद्दल तुम्ही जरा अपराधी वाटून लिहिलं आहे. त्यात अपराध काही नाही, नुसता हिशोब आहे. सिनेमा दोन तास चाळीस मिनिटांचा असेल आणि तो साडेदहाला सुरू झाला, तर संपायला एक वाजून दहा मिनिटं होतात. आठवडाभर राबलेल्या बाईला त्याआधी झोप येणारच. नाव लिहिताना शेजारी लांबी लिहा. तुम्हाला अकराला झोप येत असेल तर अकरातून लांबी वजा करा आणि जी वेळ येईल तिला सुरू करा. ती वेळ जमत नसेल तर तो सिनेमा शुक्रवारचा नाही, रविवारी दुपारचा आहे. पडदे ओढून दुपारी पाहिलेला सिनेमा रात्रीच्या सिनेमापेक्षा जास्त लक्षात राहतो, निदान माझ्या तरी. लांबलचक सिनेमा दोन दिवसांत वाटून पाहिला तरी चालेल, पण कुठे थांबायचं ते आधी ठरवा. झोप ठरवेल तिथे थांबू नका.

आणि काही रात्री दोन तास नसतातच. तेव्हा मोठ्या सिनेमाची पंचवीस मिनिटं कुरतडण्यापेक्षा एक लघुपट अथपासून इतिपर्यंत पाहा. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तेव्हा त्यात दहा चित्रफिती होत्या, एकेक मिनिटाभराच्या आतली. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, बाळाला भरवणारे आईवडील, असे साधे प्रसंग. लोक त्यांच्याकडे टक लावून बघत होते. सिनेमाची सुरुवात तिथे झाली, तेव्हा पंधरा मिनिटांच्या लघुपटाला कमी लेखायचं कारण नाही.

आता फोन. तुमच्या यजमानांना 'फोन ठेवा' म्हणून सांगू नका, तुम्ही ते शंभरदा सांगून झालं असेल. घराचा नियम करा, तुमच्यासकट. तिन्ही फोन दुसऱ्या खोलीत, रिंग मोठी करून. पालथा घालून शेजारी ठेवलेला फोन उपयोगाचा नाही, त्याच्याकडे मन जात राहतं. खरंच तातडीचं असेल तर माणूस फोन करतो आणि तो ऐकू येतो. 'हा नट कुठे पाहिलाय' हा प्रश्न मध्येच पडतोच, त्यासाठी एक वही आणि पेन्सिल ठेवा, लिहून ठेवा, नंतर शोधा. बोलायला मात्र मनाई करू नका. घरी पाहण्याचं सुखच ते आहे की हलक्या आवाजात एखादं वाक्य बोलता येतं. लघवीला, पाण्याला जाताना सिनेमा थांबवायचा, सगळ्यांसाठी. 'चालू दे, मी येते' हे बंद. 'चालू दे' म्हटलं की तो पुन्हा लावलेला सिनेमा झाला.

सुरुवातीपासून बसण्याचाही आग्रह धरा. एके काळी अमेरिकेतल्या थिएटरांत खेळ एकामागून एक चालूच असायचे. लोक मध्येच येऊन बसायचे आणि आपण आलो तो भाग पुन्हा आला की उठून जायचे. १९६० साली दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने 'सायको' या आपल्या सिनेमासाठी अट घातली की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. थिएटरवाल्यांना धास्ती वाटली की गिऱ्हाईक जाईल. प्रत्यक्षात दारापुढे रांगा लागल्या. तुमच्या दिवाणखान्यातही ही अट लागू करून बघा. दिवे मंद झाले, म्हणजे सुरू झालं.

आता ज्यावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे ते म्हणजे तुमचा टीव्ही. प्रोजेक्टरच्या पैशांत जे मिळणार नाही ते इथे फुकट मिळतं, म्हणून कृपा करून रविवारी अर्धा तास याला द्या.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने घेतलेला असतो. बोलपट आले तेव्हापासून ही गती पक्की झाली. आपल्याला 'सिनेमासारखं' वाटतं त्यात या गतीचा मोठा हात आहे. पण बहुतेक नवे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवतात, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. क्रिकेट किंवा फुटबॉलच्या सामन्याला ते एक वेळ ठीक आहे. सिनेमा मात्र त्यामुळे एखाद्या मालिकेच्या चित्रीकरणासारखा दिसायला लागतो, नटांच्या अंगावरचे कपडे वेशभूषा वाटतात आणि घर सेट वाटतं. कितीतरी घरांत 'का कोण जाणे, मन रमत नाही' म्हणतात, त्यामागे हेही एक कारण असतं. ही सोय बंद करा. सॅमसंगवर 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' अशा नावांखाली ती पिक्चर सेटिंगमध्ये सापडेल. दिग्दर्शकांनीच यासाठी आवाज उठवला आणि २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, तो असेल तर एका बटणात काम होतं. नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड घ्या. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. ते पिवळं नसतं. 'व्हिव्हिड' मोडच्या निळसर पांढऱ्याला डोळे सरावलेले असतात. तीन-चार दिवस द्या, मग माणसांची कातडी माणसांसारखी दिसू लागेल.

पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या की झूम करू नका. तुमचा टीव्ही १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद. अनेक सिनेमे २.३९ पट रुंद असतात. असा सिनेमा ताणून पडदाभर केला तर रुंदीचा साधारण चौथा हिस्सा कापला जातो. दोन माणसं दोन टोकांना उभी असतील तर दोघांचाही खांदा जाईल. जुन्या सिनेमांना पट्ट्या डावी-उजवीकडे येतात, त्यांचं प्रमाण १.३७ असतं. चौकट जशी आखली तशीच राहू द्या.

मग अंतर. खोलीत कोच टीव्हीपासून जितका लांब टाकता येईल तितका टाकायची बहुतेकांना सवय असते. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा, असं माप धरतात. हिशोब सोपा आहे, पडद्याच्या कर्णाच्या सुमारे १.६ पट अंतर. ४३ इंची टीव्ही असेल तर पावणेसहा फूट, ५५ इंची असेल तर सव्वासात फूट. शुक्रवारपुरता कोच पुढे ओढा. 'मोठा पडदा' हवाय असं जे तुमच्या घरात वाटतंय, त्यातलं बरंचसं एवढ्यानेच मिटेल. प्रोजेक्टरला मी नको म्हटलं ते याच कारणाने. शिवाय प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, त्याचा काळा म्हणजे प्रकाश न पडलेली भिंत. खोलीत उजेड असला की तो काळा राखाडी होतो आणि चित्र विटतं. खोली पूर्ण अंधारी करायची तयारी आणि सवय झाली, वर्षभर शुक्रवार पाळला गेला, की मग खुशाल घ्या. तोपर्यंत छताचा दिवा बंद, आणि टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांना ताण कमी पडतो आणि पडद्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडत नाही.

आवाजाचं दुखणं सगळ्या घरांत सारखं. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून वाढवावा तर पुढच्या दृश्यात घर हादरतं. टीव्ही पातळ झाले आणि त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसले, हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे सिनेमागृहासाठी केलेल्या ध्वनीत हळू आणि मोठ्या आवाजात खूप अंतर असतं. ऑडिओ सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' अशी काही सोय असेल तर ती वापरा, ती हे अंतर कमी करते. ॲपमध्ये ५.१ (म्हणजे खोलीभर अनेक स्पीकर असतील त्यांच्यासाठी) आणि स्टिरिओ असे दोन पर्याय दिसत असतील आणि तुमच्याकडे वेगळे स्पीकर नसतील, तर स्टिरिओ घ्या.

आणि सबटायटल लावा. इथे एक घरची गोष्ट सांगते. माझ्या वडिलांना शेवटच्या काही वर्षांत कमी ऐकू यायचं. सिनेमा पाहताना सगळे हसले की ते आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. हे आमच्या लक्षात यायला लाजिरवाणा उशीर झाला. ज्या दिवशी त्यांच्याच भाषेतल्या सिनेमाला आम्ही सबटायटल लावली, त्या दिवशी ते आमच्याआधी हसले. ते हसू मी विसरणार नाही. तेव्हापासून आमच्या घरी ती नेहमी चालू असतात. परक्या भाषेतला सिनेमाही शक्यतो डब केलेला न पाहता मूळ आवाजात, खाली अक्षरं ठेवून पाहावा, असं माझं ठाम मत आहे. नटाचा आवाज काढून घेतला तर त्याच्या अभिनयातलं निम्मं काढून घेतलं.

ॲपच्या सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी बंद करायच्या, आपोआप सुरू होणारे ट्रेलर आणि आपोआप सुरू होणारा पुढचा कार्यक्रम. काही ॲपमध्ये ही सोय टीव्हीवर दिसत नाही, वेबसाइटवर जाऊन आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये बदलावी लागते. पुढचा कार्यक्रम थांबवणं फार महत्त्वाचं. सिनेमा संपतो, नावं सरकू लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणी, जेव्हा मन अजून आत असतं, तेव्हा ॲप तुम्हाला दुसऱ्याच कशाकडे ओढत नेतं. ती नामावली पूर्ण चालू द्या. ती तीन-चार मिनिटं कुणी उठायचं नाही, दिवा लावायचा नाही. कुणाला बोलावंसं वाटलं तर बोलेल.

बोलताना 'कसा वाटला?' असं विचारू नका. त्याला 'चांगला होता' यापलीकडे उत्तर येत नाही, विशेषतः चौदा वर्षांच्या मुलीकडून. 'कुठलं दृश्य डोळ्यांसमोर आहे?' असं विचारा. तिघांची तीन वेगळी दृश्यं निघतात आणि गप्पा आपोआप सुरू होतात. मग त्या वहीत तारीख, नाव, कोण कोण होतं आणि ते दृश्य, एका ओळीत. तारे देऊ नका, गुण देऊ नका, वर्षात किती झाले ते मोजू नका. महिन्याला दोन झाले तरी पुष्कळ आहेत. मागच्या महिन्यात काय पाहिलं हे पुन्हा आठवायला बसाल तेव्हा ती वही पुरेल.

अगदीच रटाळ निघाला तर? अर्धा तास द्यावा. मग थांबवून तिघांनी एकमेकांना विचारावं. सगळेच कंटाळले असतील तर सरळ बंद करा आणि वहीत तसं लिहा. चालू ठेवून फोन आणायला जाणं तेवढं नको.

मुलीच्या दीडपट वेगाबद्दल तुम्ही उल्लेख केलात, तक्रार केली नाहीत, हे मला आवडलं. तिला त्यावरून बोलू नका. माहिती गोळा करायच्या व्हिडिओंना तो वेग चालून जातो, आणि तिची पिढी त्यावरच वाढली आहे. पण एक गोष्ट तिच्यासोबत करून बघा. जिथे दोन माणसं काही न बोलता एकमेकांकडे बघतात असं एखादं दृश्य दीडपट वेगाने लावा आणि मग तेच मूळ वेगाने. सहा सेकंदांची शांतता चार सेकंदांची होते. ती दोन सेकंदं गेल्यावर काय गेलं, हे तिलाच विचारा. उत्तर तुम्ही सुचवू नका.

पहिली पाळीही तिलाच द्या. ती दहा मिनिटांत उठून जाते, कारण तिथे तिचं असं काही नसतं. या बुधवारी कागद तिच्या हातात द्या, पहिलं नाव तिला लिहू दे, आणि शुक्रवारी ती 'मला हा का पाहायचाय' ते सांगेल तेव्हा तुम्ही दोघं नुसतं ऐका. त्या दिवशी घड्यांचे कपडे दुसऱ्या खोलीत राहू द्या. वहीतली पहिली ओळ लिहून झाली की मला कळवा, तिने काय निवडलं हे ऐकायची मला उत्सुकता आहे.

तुमची,
ताई